एनसीएफची (ग्राहकाच्या मासिक नेटवर्क शुल्काची) मर्यादा गेली म्हणून ५५:४५ (एमएसओ:एलसीओ वाटणी) पण गेलं का? करार संपत आलाय

तारजोड (एलसीओ म्हणजे स्थानिक केबल ऑपरेटर, सातारा जिल्हा)

सहाशेच्या आसपास बॉक्स, सगळे एकाच एमएसओचे (आम्हा केबलवाल्यांना सिग्नल पुरवणारी मोठी कंपनी). लेखी करार तीन महिन्यांत संपतोय. नव्या कराराचा मसुदा आलाय, त्यात एनसीएफचा वाटा वगैरे काही नाही. दर बॉक्समागे ठरावीक रक्कम आम्हाला, बाकी सगळं त्यांचं. विचारलं तर म्हणाले, "२०२४ ला ट्राय या नियामकानं एनसीएफवरची १३० रुपयांची मर्यादा काढली, त्यासोबत ५५:४५ पण गेलं. सही करा नाहीतर फीड (सिग्नल) बंद."

१) हे खरं आहे का?
२) फीड असं तडकाफडकी बंद करता येतं का?
३) दुसऱ्या एमएसओकडे जायचं तर पैशाच्या आणि तांत्रिक बाजूनं आधी काय काय बघायचं? त्यांची फायबर गावापर्यंत आलेली आहे.

---

कलमबहाद्दर

खरं नाही. तुमचा एमएसओ दोन वेगळे कागद एकत्र कालवतोय.

एनसीएफ किती घ्यायची, बुकेवर (चॅनेलांच्या गठ्ठ्यावर) सूट किती द्यायची, हे टॅरिफ ऑर्डरमध्ये येतं. जुलै २०२४ मध्ये मर्यादा उठली ती तिथली. एमएसओ आणि एलसीओ यांच्यातली वाटणी येते इंटरकनेक्शन रेग्युलेशन्स २०१७ मध्ये. दोन्ही मूळ ३ मार्च २०१७ चे, म्हणून लोक एकच समजतात. एनसीएफ १३० असो की १६० की आणखी काही, वाटणीचा नियम आपल्या जागी आहे.

पण तो नियम नेमका काय आहे हेही नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण फसतात. ५५:४५ हा हक्क आपोआप मिळत नाही. कराराचे दोन नमुने आहेत. पहिला एमआयए, म्हणजे नमुना करार. यात वाटणी दोघांच्या संमतीनं ठरते. तुम्ही ३० टक्क्यांवर सही केलीत तर ३० टक्के बंधनकारक. दुसरा एसआयए, म्हणजे प्रमाणित करार. एमआयएवर एकमत झालं नाही की हा लागू होतो, आणि यात एनसीएफ व डिस्ट्रिब्यूशन फी (पे चॅनेलांसाठी ब्रॉडकास्टर, म्हणजे चॅनेल कंपनी, एमएसओला देते ती) दोन्ही ५५:४५ वाटली जातात, ४५ तुमचे. त्यामुळे आलेल्या मसुद्यावर सही करून मग ५५:४५ मागायला गेलात तर हातात काही राहत नाही.

सही न करता लेखी उत्तर पाठवा. रजिस्टर्ड एडी आणि ईमेल, दोन्ही. मजकूर एवढाच पुरे: "तुमच्या मसुद्यातील महसूल वाटणी आम्हाला मान्य नाही. परस्पर संमती होत नसल्याने २०१७ च्या रेग्युलेशन्समधील प्रमाणित करारावर सही करण्यास आम्ही तयार आहोत. कृपया तो पाठवावा." भांडणाची भाषा नको, जुन्या तक्रारी नकोत. उद्या हे पत्र टीडीसॅटपुढे (अशा वादांचं न्यायाधिकरण) ठेवायचं आहे असं समजून लिहा.

दुसरा प्रश्न. नाही, तडकाफडकी नाही. सिग्नल तोडण्याआधी किमान तीन आठवड्यांची लेखी नोटीस, कारणांसकट. मुदत नोटीस तुम्हाला मिळाल्या दिवसापासून मोजायची, त्यांनी लिहिलेल्या तारखेपासून नाही. व्हॉट्सॲपवर "उद्यापासून बंद" म्हणजे नोटीस नव्हे.

मात्र करार संपू देऊन "चाललंय तसं चालू द्या" असं करू नका. लेखी कराराशिवाय सिग्नल देणं-घेणंच नियमात बसत नाही. जुना करार संपला आणि नवा नाही, तर तीन आठवड्यांचं संरक्षणही डळमळीत होतं. आत्ता तीन महिने हातात आहेत ते सोन्यासारखे आहेत.

---

जमाखर्च

वरच्या उत्तराला आकड्यांची जोड देतो, कारण "दर बॉक्समागे ठरावीक रक्कम" चांगली की वाईट हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

समजा ग्राहकाचं बिल असं: एनसीएफ १३०, पे चॅनेलांची एमआरपी मिळून १२४. बेरीज २५४. १८ टक्के जीएसटी ४५.७२. ग्राहक देतो २९९.७२.

जीएसटी बाजूला ठेवा, तो वाटणीत येत नाही. एनसीएफच्या १३० पैकी ४५ टक्के म्हणजे ५८.५० तुमचे. पे चॅनेलांत ब्रॉडकास्टर एमएसओला किमान २० टक्के डिस्ट्रिब्यूशन फी देतो. १२४ चे २० टक्के २४.८०, त्यातले ४५ टक्के ११.१६ तुमचे. एकूण ६९.६६. एमएसओला ८५.१४ आणि ब्रॉडकास्टरला ९९.२०. मसुद्यातली ठरावीक रक्कम याच्याशी ताडून बघा, तुमच्या गावात खरोखर चालणाऱ्या तीन-चार पॅकांवर वेगवेगळी.

आता मेख. एसआयएमध्येही सूट कुठून जाते हे लिहिलेलं नसेल तर ४५ टक्के असूनही खिसा कापला जातो. २०२४ पासून एमएसओला स्वतःच्या बुकेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, आधी ती १५ होती. वरच्या १२४ च्या चॅनेलांचा पॅक एमएसओनं १० टक्के सूट देऊन १११.६० ला काढला असं धरा. ब्रॉडकास्टर आपले ९९.२० घेणारच. उरले १२.४०. त्याचे ४५ टक्के ५.५८. ग्राहकाला फक्त १२.४० स्वस्त पडलं आणि तुमचा पे चॅनेलचा वाटा थेट निम्मा झाला. सहाशे बॉक्सवर महिन्याला ३,३४८ रुपये. म्हणून करारात एक ओळ घालून घ्या: डिस्ट्रिब्यूशन फीतील एलसीओचा वाटा चॅनेलच्या एमआरपीवर मोजला जाईल, एमएसओनं दिलेल्या सवलतीच्या दरावर नाही. एमआयएतली कलमं पातळ करता येत नाहीत, पण दोघांच्या संमतीनं वाढीव कलम घालता येतं. एमएसओ कुरकुर करेल. निदान सवलत दोघांनी त्याच प्रमाणात सोसायची, इतपत तरी यावं.

डिस्ट्रिब्यूशन फीशिवाय ब्रॉडकास्टर एमएसओला १५ टक्क्यांपर्यंत आणखी डिस्काउंट देऊ शकतो. एसआयएच्या वाटणीत ते धरलेलं नाही, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

---

हेडएंडवाला

तांत्रिक बाजू. बॉक्सपासून सुरू करू, कारण खर्चाचा सगळा भार तिथे आहे.

जुन्या एमएसओचा बॉक्स नव्या फीडवर चालणार नाही. त्यातली सीएएस (चॅनेल कुलूपबंद ठेवणारी यंत्रणा) जुन्या हेडएंडच्या (एमएसओचं सिग्नल पाठवणारं केंद्र) किल्ल्यांनीच चॅनेल उघडते. म्हणजे सहाशे घरांत सहाशे नवे बॉक्स. ते कोण देणार, विकत की भाड्यानं की डिपॉझिटवर, हे नव्या एमएसओच्या करारात आधी पक्कं करा. तोंडी "बॉक्स आमचे" याला काही अर्थ नाही.

दोन्ही एमएसओ साधारण त्याच बँडमध्ये, ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत, कॅरिअर (चॅनेल वाहणाऱ्या लहरी) टाकतात. त्यामुळे दोन फीड एका कोअॅक्स केबलवर मिसळून "हळूहळू बदलू" हे होत नाही, फ्रिक्वेन्सी एकमेकींवर बसतात. बदल नोडनिहाय करावा लागतो (नोड म्हणजे फायबरचा सिग्नल कोअॅक्सवर उतरवणारी पेटी). ट्रंकमध्ये (मुख्य फायबर केबलमध्ये) मोकळा कोअर (न वापरलेला फायबरचा धागा) असेल तर नवं फीड प्रत्येक नोडपर्यंत आधीच आणून ठेवा आणि ठरल्या दिवशी नोडवर फक्त पॅचकॉर्ड बदला. त्या नोडच्या घरांत बॉक्स आदल्या दोन दिवसांत पोचलेले हवेत.

फायबरचं गणित आधी कागदावर करा. १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागे सिग्नल सुमारे ०.२५ डीबी घटतो. समजा अंतर १२ किलोमीटर, म्हणजे ३ डीबी. १:८ स्प्लिटरचे (एका फायबरच्या आठ फांद्या करणारा) १०.५. कनेक्टर आणि स्प्लाइस मिळून १ धरा. एकूण १४.५. नोडला ० डीबीएम (प्रकाशाची पॉवर) हवं असेल तर तिकडून येणाऱ्या पोर्टवर १४.५ डीबीएम मिळालं पाहिजे. नवा एमएसओ "पॉवर भरपूर आहे" म्हणेल. मीटर लावून मोजा. नोडच्या रिसीव्हरला ० ते −३ डीबीएम ठीक. +३ च्या वर गेलं तर चित्र सुधारत नाही, उलट रिसीव्हर ओव्हरलोड होऊन ठोकळे पडू लागतात.

हिरवा एपीसी (तिरक्या टोकाचा) कनेक्टर निळ्या पीसीत (सरळ टोकाच्या) खुपसलेला दिसला तर लगेच काढा. लॉस वाढतो, रिफ्लेक्शन येतं, आणि मीटरवर पॉवर "बरी" दिसत असतानाही एमईआर (सिग्नलची शुद्धता) पडतो. घाईच्या बदलात ही चूक सर्रास होते.

घरात बॉक्सच्या तोंडाशी सिग्नलची पातळी ६४ क्यूएएमला (सिग्नलमध्ये डेटा भरण्याची पद्धत) ४७ ते ६७ डीबीमायक्रोव्होल्ट, २५६ क्यूएएमला ५४ ते ७४. नवा एमएसओ २५६ वर चालत असेल आणि तुमचं जुनं नेटवर्क ६४ वर कसंबसं तग धरून असेल, तर शेवटच्या घरांना त्रास होणारच. लांबच लांब ऍम्प्लिफायरची माळ, गंजलेले टॅप, आतून पाणी शिरलेला कोअॅक्स, हे बदलाच्या आधी. नंतर ग्राहक म्हणतो "नवं केबल खराब", आणि त्याला समजावण्यात महिना जातो.

---

तारजोड

खूप मोठी मदत. नोड सात आहेत, मोकळे कोअर दोन. सातही नोड एकाच ट्रंकच्या दोन स्प्लिटरांवर आहेत, मग दोन कोअर पुरतील ना? आणि जुना एमएसओ म्हणतो थकबाकी बाकी आहे. आमच्या मते नाही. एमएसओकडचं आमचं वॉलेट प्रीपेड असताना थकबाकी कशी?

---

हेडएंडवाला

पुरतील. प्रत्येक स्प्लिटरच्या शेजारी नव्या फीडचा स्वतंत्र स्प्लिटर बसवा, एक कोअर एकाला. पण स्प्लिटरपासून नोडपर्यंतच्या फांदीतही मोकळा कोअर लागेल. तो नसेल तर त्या स्प्लिटरवरचे नोड एकेक करून हलवा: स्प्लिटरच्या पेटीत एका नोडची फांदी जुन्यावरून काढून नव्यावर लावायची, बाकीचे जुन्यावर चालू राहतात. एका दिवशी दोन नोडपेक्षा जास्त घेऊ नका.

---

जमाखर्च

प्रीपेड वॉलेटमध्येही थकबाकी उभी राहते. नेहमीची कारणं: भाड्याच्या बॉक्सचं भाडं वॉलेटबाहेर लावलेलं असतं. न परत केलेल्या किंवा खराब बॉक्सची किंमत डेबिट केलेली असते. बंद केलेला बॉक्स एसएमएसमध्ये (एमएसओच्या ग्राहक-नोंदीच्या प्रणालीत) बंद, पण सीएएसमध्ये चालूच राहिलेला असतो आणि मागाहून त्याचं बिल येतं. किंवा जुन्या पोस्टपेड काळातला आकडा नव्या लेजरमध्ये "ओपनिंग बॅलन्स" म्हणून ओढलेला असतो. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त त्रास देतो, कारण त्याची मूळ बिलं कुणाकडेच नसतात.

म्हणून लेखी मागा: करार सुरू झाल्यापासूनचं संपूर्ण लेजर, बॉक्सनिहाय चालू-बंद यादी, आणि प्रत्येक डेबिटमागचं बिल. एसएमएसचं लॉगिन अजून चालू आहे तोवर तुमच्या सगळ्या ग्राहकांची यादी, पॅक आणि रिचार्जचा इतिहास डाउनलोड करून ठेवा. नोटीस गेल्यावर लॉगिन "तांत्रिक कारणानं" बंद पडतं.

वादातली रक्कम सोडून बाकी जी मान्य आहे ती बँकेतून भरा, रोख नको. नवा एमएसओ ना-हरकत किंवा ना-थकबाकी दाखला मागेल. तो जुन्याकडून सहज मिळत नाही, पण मागितल्याचं पत्र, लेजर आणि भरणा यांची जोडलेली फाइल असेल तर नव्याचा वकील बहुतेक वेळा पुढे जायला तयार होतो.

बॉक्स परत करताना अनुक्रमांकासह यादी करून सही-शिक्क्याची पोच घ्या. गठ्ठा टाकून आलात तर त्यातले काही नंतर "मिळालेच नाहीत" होतात.

---

कलमबहाद्दर

दोन गोष्टी राहिल्या.

नव्या एमएसओला सिग्नलची मागणी लेखी करा. त्यानं ६० दिवसांत सिग्नल द्यायचे किंवा नाकारण्याचं कारण लेखी कळवायचं. तीन महिन्यांतले दोन तिथेच गेले, म्हणून आजच अर्ज टाका. सोबत तुमचं एलसीओ नोंदणी प्रमाणपत्र लागेल. तेच मुदतीत आहे का ते आधी बघा. पोस्टातून ५०० रुपयांत वर्षभरासाठी व्हायची ती पद्धत गेली. १७ जानेवारी २०२५ पासून नोंदणी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवरच होते, शुल्क ५,००० रुपये, मुदत पाच वर्षं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी. नोंदणीच संपलेली असेल तर समोरचा वकील पहिला वार तिथेच करतो.

वाद वाढला तर दिवाणी न्यायालयात जाऊ नका, ट्राय कायद्याच्या कलम १५ नं ते दार बंद आहे. सेवा पुरवठादारांमधला वाद कलम १४ खाली टीडीसॅटकडे, दिल्लीला. ट्रायकडे तक्रार केली तर नोंद राहते, पण वैयक्तिक वादाचा निवाडा ट्राय देत नाही. नोटिशीशिवाय फीड तोडलं तर टीडीसॅटकडे अंतरिम आदेश मागायचा, आणि तिथे पहिलं विचारतात ते चालू लेखी करार आणि भरणा. टीडीसॅटचं मध्यस्थी केंद्रही आहे. थकबाकीच्या आकड्याचा वाद तिथे बऱ्यापैकी सुटतो.

---

गावकेबल (कोकण)

एक वेगळं मत. ४५ टक्क्यांच्या मागे लागताना एसआयएमधली कामंही वाचा. वसुली, बिल पोचवणं, घरापर्यंतची देखभाल तुमच्याकडे. एमएसओ ट्रंकचं फायबर आणि नोडची वीज स्वतः सांभाळत असेल तर एमआयएवर ४० टक्के घेऊन ती जबाबदारी लेखी त्याच्यावर टाकणं कधी कधी स्वस्त पडतं. आमच्याकडे पावसात नोडचे पॉवर सप्लाय जळण्याचा खर्चच एवढा असतो की पाच टक्क्यांचा फरक त्यात बुडतो. घाटमाथ्यावर तसं नसेल.

---

जमाखर्च

बरोबर, फक्त ते ४० टक्के एनसीएफ आणि डिस्ट्रिब्यूशन फी दोन्हींवर असावेत, आणि एनसीएफ वाढली की वाटाही वाढावा. "दर बॉक्स इतके रुपये" मध्ये नेमकं तेच होत नाही: मर्यादा उठल्यानंतर एमएसओनं एनसीएफ १३० वरून १६० केली, तर वाढलेले ३० पूर्ण त्याचे. ५५:४५ वर त्यातले १३.५० तुमचे असते.

---

तारजोड

नोंदणी तपासली, पोस्टाचंच प्रमाणपत्र आहे आणि मुदत पुढच्या महिन्यात संपते. ९० दिवसांची मुदत तर हुकलीच, तरी आज पोर्टलवर अर्ज टाकतो, आणि एसआयएचं पत्र उद्या रजिस्टर्ड एडीनं.

---

कलमबहाद्दर

पोर्टलवरच्या अर्जाची पावती प्रिंट काढून नव्या एमएसओच्या अर्जाला जोडा. जुन्याला पाठवायच्या पत्रात नोंदणीचा उल्लेखही नको.