लाइटने चालू होणारी मेटलची कॅन्सर औषधं, मदत हवी आहे

मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला हा विषय घेतलाय आणि एका जागी गाडी अडकलीये. सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचं कॅन्सर औषध १९७८ पासून वापरात आहे पण ते चांगल्या पेशींनाही झोडपतं, म्हणून प्लॅटिनम निष्क्रिय रूपात द्यायचं आणि गाठीवर लाइट पडला की तिथेच जागं करायचं, इथपर्यंत कळलं, आयडिया भारीच आहे. रुथेनियम धातूचं टीएलडी-१४३३ हे औषध मात्र वेगळं, ते हिरव्या लाइटवर आजूबाजूच्या ऑक्सिजनपासून सिंगलेट ऑक्सिजन (पेशी मारणारं, जास्त आक्रमक रूप) तयार करतं, मूत्राशयाच्या कॅन्सरवर त्याच्या ट्रायल झाल्यात.

आता घोळ असा की गाठीच्या आत ऑक्सिजनच कमी असतो, मग अशी औषधं तिथे काय करणार? प्लॅटिनमच्या अझाइडवाल्या (तीन नायट्रोजनचा गट जोडलेल्या) औषधांना ऑक्सिजन लागत नाही म्हणतात, पण त्यांना लागतो निळा नाहीतर यूव्ही लाइट, आणि तो टिश्यूत फार आत जातच नाही! पॅलेडियम धातूचं पॅडेलिपॉर्फिन ७५३ नॅनोमीटरच्या, म्हणजे खोल आत जाणाऱ्या लाइटवर चालतं, युरोपात २०१७ ला प्रोस्टेटसाठी मंजूरही झालं, पण त्यालाही ऑक्सिजन हवाच ना.

लाल लाइट आणि कमी ऑक्सिजन दोन्ही जमेल असं काही आहे का? टू-फोटॉनने (कमी ऊर्जेचे दोन फोटॉन एकदम शोषून घेणं) खरंच भागतं की ते फक्त पेपरातच? फोटोकेमिस्ट्रीवाले कोणी असाल तर प्लीज सोप्या भाषेत सांगा, सर नेमकं हेच विचारणार.