जुन्या धाब्याच्या घराला नाताळची कोणती सजावट शोभेल?

बोरीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. यंदाचा नाताळ आम्ही सासरच्या जुन्या घरी, अमळनेर तालुक्यातल्या गावी करणार आहोत. आतापर्यंत जळगावच्या फ्लॅटमध्ये पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी आणि कोपऱ्यात सहा फुटी प्लॅस्टिकचे झाड एवढ्यावर आमची सजावट भागत असे, आणि ती शोभतही असे. हे घर मात्र धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे आहे. मधल्या खोलीत सागवानी खांब आणि काळपट तुळया आहेत, भिंतींना नीळ घातलेला चुना आहे, दोन्ही अंगांना कोनाडे आहेत, आणि उजेड येतो तो ओसरीच्या दारातून व एका लहान खिडकीतून तेवढाच. झाड तिथे उभे करून पाहिले, तर शेंडा तुळईला लागतो आणि खांबापुढे त्याचा हिरवा रंग दिसेनासा होतो. चमकीच्या चंदेरी माळांवर दुसऱ्याच दिवशी छतातली माती बसते.

इंटरनेटवर स्कँडिनेव्हियन, रस्टिक, व्हिक्टोरियन अशा नावांच्या सजावटींची छायाचित्रे पुष्कळ आहेत, पण त्यांतले एकही घर आमच्या घरासारखे नाही. जाऊबाईंना लाल, हिरवा, सोनेरी असे नेहमीचे रंग हवे आहेत, मुलांना कापसाचा बर्फ हवा आहे, आणि सासूबाईंच्या मते तारा लागला व गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडली की नाताळ झाला. शिवाय २४ तारखेच्या रात्री नाताळची गाणी म्हणणारी मंडळी घरोघर येतात, त्यांना बसायला जागा हवी. खर्च बेताचा ठेवायचा आहे. या घराला कोणती शैली साजेल, आणि ती कशावरून ठरवावी?

पांझरा (धुळे)

ताई, मी घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण जी नावे दिली आहेत, त्यांतली प्रत्येक शैली एका ठरावीक प्रकारच्या घरातून आणि हवामानातून आलेली आहे; ते कारण आपल्या घराला लागू पडते का, एवढेच पाहावे, छायाचित्र पाहू नये. व्हिक्टोरियन थाटाला उंच छत लागते. १८४८ साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे नाताळच्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात आले आणि तिकडच्या सुखवस्तू घरांत झाडाची प्रथा झपाट्याने पसरली. पण ती घरे प्रशस्त दिवाणखान्यांची होती. आपल्या तुळयांखाली तो थाट दाटीवाटीचाच दिसणार. स्कँडिनेव्हियन सजावटीत पांढरा रंग, फिकट लाकूड आणि मेणबत्त्या असतात, कारण तिकडे डिसेंबरात दिवस फार लहान असतो आणि घरातला प्रत्येक किरण परतवून वापरावा लागतो. आपल्या मधल्या खोलीची अडचणही उजेडाचीच आहे, त्यामुळे त्यांचे रंग जसेच्या तसे न घेता प्रकाशाची रीत तेवढी घ्यावी. राहिली रस्टिक शैली. अनघड लाकूड, ताग, सुती कापड आणि माती यांवर ती उभी असते, आणि शहरातले लोक त्यासाठी पैसे मोजून जुने खांब विकत आणतात. आपल्याकडे ते घरातच उभे आहेत.

प्रकाशाबद्दल विशेष काळजी घ्यावी. माळा घेताना २७०० ते ३००० केल्विनच्या, म्हणजे पिवळसर उजेडाच्या एलईडी घ्याव्यात. ६५०० केल्विनचा पांढरा उजेड निळसर चुन्यावर पडला, की खोली दवाखान्यासारखी दिसू लागते. माळ तुळईवरून गुंडाळण्याऐवजी कोनाड्यांच्या आत, मागच्या कडेला सोडावी. दिवे डोळ्यांवर येत नाहीत आणि उजळलेला कोनाडा संध्याकाळी फार देखणा दिसतो. उंची कमी असलेल्या खोलीत उजेड वरून पडण्यापेक्षा बसल्या नजरेच्या पातळीवर असलेला बरा.

झाड खांबाजवळून हलवून चुन्याच्या भिंतीपुढे ठेवावे, म्हणजे हिरवा रंग उठून दिसेल. बहुतेक प्लॅस्टिकची झाडे दोन-तीन टप्प्यांत जोडलेली असतात. तळाचा टप्पा वगळून उरलेले झाड चौरंगावर उभे करता येते का, ते पाहावे. जाऊबाईंचा लाल रंग जरूर घ्यावा, पण चकचकीत गोळ्यांऐवजी खादीच्या किंवा जाड सुती कापडाच्या पट्ट्यांत. त्यावर बसलेली माती झटकता येते, आणि पिवळ्या उजेडात तो रंग ऊबदार दिसतो. चंदेरी रंग या घरातून सरळ रजेवर पाठवावा.

रंगावली (नवापूर)

वरच्या प्रतिसादातले प्रकाशाचे म्हणणे पटले, परंतु झाडाला एवढे महत्त्व द्यावे असे मला वाटत नाही. आपल्या सासूबाई बरोबर सांगत आहेत. ज्या घराला कोनाडे आहेत, त्या घरात गव्हाणीची जागा शोधावी लागत नाही. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो या गावी जिवंत बैल आणि गाढव उभे करून गव्हाणीचा देखावा केला होता, तोही डोंगराच्या कपारीत. मातीच्या भिंतीतला कोनाडा त्याच्या फार जवळचा आहे. खाली ज्वारीचा कडबा बारीक करून अंथरावा, मातीची चित्रे ठेवावीत, आणि त्या कोनाड्यात दुसरी कुठलीही शोभेची वस्तू ठेवू नये. मागी लोकांची, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची चित्रे आमच्याकडे पहिल्या दिवशी गव्हाणीजवळ ठेवत नाहीत. ती समोरच्या भिंतीच्या कोनाड्यात असतात आणि मुले रोज थोडी पुढे सरकवतात, म्हणजे त्यांच्या भेटीच्या, ६ जानेवारीच्या सणाला ती पोहोचतात. आपल्याकडे दोन्ही अंगांना कोनाडे आहेत, तेव्हा मुलांना बर्फापेक्षा हा उद्योग अधिक आवडेल.

तारा बांबूच्या कामट्यांचा घरीच बांधावा. कामट्यांचे दोन पाचकोनी तारे एकमेकांवर धरून टोके सुतळीने बांधायची आणि मध्ये पाची सांध्यांपाशी वीतभर लांबीच्या आडकाठ्या सारायच्या, म्हणजे पोटात दिव्यासाठी पोकळी तयार होते. मग वरून पतंगाचा कागद खळीने चिकटवावा. आत पाच वॅटचा एलईडी दिवा पुरतो. साधा तापणारा दिवा मात्र घालू नये, कागद करपतो. तारा ओसरीच्या बाहेर उंच बांबूवर लावावा, कारण तो वाटेवरच्यांना दिसण्यासाठी असतो.

गाणारी मंडळी ढोलक-झांजा घेऊन येतात, त्यामुळे ओसरी पूर्ण मोकळी ठेवावी आणि ओट्यावर केवळ रांगोळी काढावी. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या, चार मेणबत्त्या लावत असाल, तर त्यांचे कडे मधल्या खोलीत मातीच्या परातीत, थोडी वाळू घालून ठेवावे. या चारांतल्या तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते, त्यामुळे जाऊबाईंच्या लाल रंगाशी त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

एक गंमत म्हणून सांगतो. या दिवसांत नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची वाळत असते, आणि मिरच्यांच्या माळा दाराला फार सुंदर दिसतात. घरात लहान मुले असतील, तर मात्र तो मोह आवरावा.

कपाशीवाला (चोपडा)

मुलांच्या बर्फाविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या भागात घरोघर कापूस असतो, म्हणून तो झाडावर पसरण्याची कल्पना सहज सुचते. पण सुटा कापूस ठिणगीने क्षणात पेट घेतो; मेणबत्त्यांच्या खोलीत, तुळयांखाली तो मुळीच नको. त्याऐवजी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, दोन-चार सुकलेल्या फांद्या उमललेल्या बोंडांसह मातीच्या रांजणात उभ्या कराव्यात. बोंड फुटून पांढरा कापूस बाहेर आलेला असतो, खालची कवचे तपकिरी असतात, आणि सागवानी खांबाशेजारी त्याला वेगळ्या रंगाची गरजच राहत नाही. रांजण मेणबत्त्यांपासून दूरच्या कोपऱ्यात असावा.

मात्र पूर्ण उमललेलीच बोंडे घ्यावीत. अर्धवट उघडलेल्या किडक्या बोंडांत आणि सरकीत गुलाबी बोंडअळी दडून राहते. हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो तो त्याचसाठी. सजावट उतरली की त्या फांद्या चुलीत घालाव्यात, परत शेताकडे नेऊ नयेत.

केळीचे खांब दाराशी लावण्याचा विचार असेल, तर त्यांचा चीक चुन्याच्या भिंतीला आणि कपड्यांना लागू देऊ नका. तो डाग निघत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे आभार. मागी लोकांच्या प्रवासाची कल्पना मुलांना आत्ताच सांगितली आणि कापसाचा विषय घरात मिटला. जाऊबाईंनी पऱ्हाटीचा रांजण मान्य केला आहे, मात्र त्याला लाल पट्टी बांधण्याच्या अटीवर. आता एकच शंका उरली. फ्लॅटमध्ये आम्ही सर्व काही चिकटपट्टीने लावत होतो. इथे पट्टी काढताना चुन्याचे पोपडे निघतात. खिळे ठोकावेत का? आणि मधल्या खोलीत विजेचे एकच बटण आहे.

पांझरा (धुळे)

खिळे ठोकू नयेत. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, आणि धाब्याला खालून भोक पडले तर पावसाळ्यात तेथूनच गळती सुरू होण्याची भीती असते. तुळईला झोपाळ्याच्या किंवा पाळण्याच्या जुन्या कड्या असतील, तर त्यांतून सुतळी ओवून एका कडीपासून दुसरीपर्यंत ताणावी आणि जे टांगायचे ते त्या सुतळीवर टांगावे. भिंतीतल्या लाकडी खुंट्यांचाही असाच उपयोग होतो. एलईडी माळांना वीज फार थोडी लागते, त्यामुळे एका बटणावर जाड वायरचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड लावून दोन-तीन माळा चालतील. त्याच बोर्डावर हीटर किंवा इस्त्री मात्र लावू नये. बाहेरच्या ताऱ्याची वायर दाराच्या फटीतून नेऊ नका, दार मिटताना ती चेचली जाते. खिडकीच्या गजांतून न्यावी, आणि बाहेरचा जोड दवात भिजणार नाही असा, वळचणीखाली ठेवावा.