लंडन ते नागपूर : ७२ तास नेमके कोठून मोजायचे?

प्रश्न : थेम्सकाठचा नागपूरकर, ५ डिसेंबर २०२१

मी, पत्नी व मुलगा १४ डिसेंबरला दुपारी २ वाजता हीथ्रोहून निघून दुबईमार्गे १५ तारखेला मुंबईला आणि तेथून नागपूरला पोहोचणार आहोत. २१ तारखेला धाकट्या बहिणीचे लग्न आहे. भारतात येणाऱ्यांना अर्ज भराव्या लागणाऱ्या सरकारी एअर सुविधा पोर्टलवर प्रवासापूर्वी ७२ तासांच्या आतील करोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीचा अहवाल मागितला आहे. पण हे तास स्वॅब दिल्यापासून मोजायचे की अहवाल हाती आल्यापासून, आणि हीथ्रोच्या विमानापर्यंत की दुबईच्या, हे उमगत नाही. शिवाय महाराष्ट्रात सात दिवस हॉटेलात ठेवतात असे आईने बातम्यांत ऐकले आहे. मुलाला १३ तारखेला पाच वर्षे पूर्ण होतील. त्याचीही चाचणी करावी लागेल का?

उत्तर : पासपोर्टधारी

नियमाची भाषा ‘प्रवास सुरू करण्यापूर्वी ७२ तासांत केलेली चाचणी’ अशी आहे. चाचणी केली म्हणजे नमुना दिला आणि प्रवास सुरू झाला म्हणजे हीथ्रो सोडले, असाच अर्थ मी घेतो. तेव्हा शनिवारी ११ तारखेला दुपारी २ नंतर दिलेला नमुना चालावा. तरी शनिवारऐवजी रविवारीच द्या. गेल्या खेपेस माझ्या अहवालावर नमुना घेतल्याची वेळ छापलीच नव्हती, फक्त तारीख होती, आणि चेक-इन काउंटरवरची मुलगी बोटांवर तास मोजत बसली होती. वेळ व पासपोर्ट क्रमांक अहवालावर आहेत ना, ते प्रयोगशाळेतून बाहेर पडण्यापूर्वीच पाहून घ्या. एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची) मोफत चाचणी प्रवासासाठी वापरता येत नाही, खासगी चाचणीच करावी लागेल.

मुलाबद्दल : पाच वर्षांखालील मुलांना सूट आहे, पण १४ तारखेला तुमचा मुलगा त्यात बसत नाही.

उत्तर : विदर्भवासी

आईंनी ऐकले ते चुकीचे नव्हते, फक्त दोन दिवस शिळे होते. ३० नोव्हेंबरच्या राज्याच्या आदेशात जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांसाठी सात दिवसांचे संस्थात्मक विलगीकरण आणि दुसऱ्या, चौथ्या व सातव्या दिवशी चाचणी, असे होते. केंद्राच्या सूचनांशी ते जुळत नसल्याचे पत्र केंद्रीय आरोग्य सचिवांनी दुसऱ्याच दिवशी राज्याला पाठवले आणि २ डिसेंबरला आदेश बदलला. आता हॉटेल दक्षिण आफ्रिका, बोट्सवाना व झिम्बाब्वेहून येणाऱ्यांपुरते आहे. त्या तीन दिवसांत ज्यांनी घाईघाईने आगाऊ पैसे भरून खोल्या घेतल्या असतील, त्यांचे काय झाले असेल कोण जाणे.

मात्र ब्रिटन केंद्राच्या जोखमीच्या यादीत आहे. दुबईमार्गे आल्याने ते टळत नाही, कारण एअर सुविधाच्या अर्जात मागील १४ दिवसांचा प्रवास विचारतात. मुंबईत उतरल्यावर पुन्हा चाचणी होईल आणि अहवाल येईपर्यंत विमानतळ सोडता येणार नाही की नागपूरचे विमानही पकडता येणार नाही. म्हणून पुढचे तिकीट बऱ्याच उशिराचे घ्या.

आणि खरी अडचण ७२ तासांची नाहीच. अहवाल निगेटिव्ह आला तरी सात दिवस घरीच विलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करावी लागते. १५ तारखेला उतरलात, तर हा आठवा दिवस २२ किंवा २३ ला येतो. तुम्ही दिवस कसेही मोजा, लग्न त्याच्या अलीकडेच पडते.

थेम्सकाठचा नागपूरकर

हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तासांचा हिशेब मांडताना दिवस मोजायचे राहूनच गेले. तिकीट बदलून ९ तारखेचे घेतले. नमुना मंगळवारी देतो. १० ला मुंबईत उतरलो, तर आठवा दिवस १७ किंवा १८ चा. हळदीला तरी पोहोचेन! आता मुलगा प्रवासाच्या दिवशी चारच वर्षांचा असेल, पण आठव्या दिवशी पाच पूर्ण झालेला असेल. मग तेव्हा त्याची चाचणी करायची का?

विदर्भवासी

सूट प्रवासापूर्वीच्या व आगमनानंतरच्या, अशा दोन्ही चाचण्यांना आहे. वय कोणत्या दिवशीचे धरायचे ते मात्र लिहिलेले नाही. लग्नघरात आजी-आजोबा असतील, तेव्हा तुमच्या स्वॅबबरोबर त्याचाही देऊन टाका. आणि परतीचेही पाहून ठेवा : ७ डिसेंबरपासून इंग्लंडला जाणाऱ्या बारा वर्षांच्या व त्यावरील प्रवाशांना निघण्यापूर्वी दोन दिवसांच्या आतली चाचणी लागणार आहे.