देव मानत नाही, मग दिवस कशासाठी काढायचे?

मंजिरी, दांडिया बाजार: बाबा गेल्यावर बडोद्यातल्या सगळ्या नातलगांनी 'त्याची मर्जी' म्हणून स्वतःला सावरलं. मला ते जमत नाही. कॉलेजपासून देव मानत नाही आणि त्याची खंतही नाही. पण आता नोकरी संपली, मुलगा पुण्याला. शेजारच्या बेन संध्याकाळी सत्संगाला निघाल्या की वाटतं, यांना जायला जागा आहे. जे मानत नाहीत, ते कशाच्या जोरावर उभे आहेत? अध्यात्माकडे वळा, असं कृपया सांगू नका.

सुहास: आगरकर वाचा. सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, दम्याने बेजार होते, तरी 'सुधारक' चालवला, फर्ग्युसनमध्ये शिकवलं. 1895 मध्ये गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. परलोकाची आशा नसताना माणूस इतकं करतो.

वसुधाताई, रावपुरा: सुहास, खरं आहे, पण आगरकरांच्या हातात काम होतं. मंजिरीची संध्याकाळ रिकामी आहे.

मंजिरी, सत्संगात देव किती भेटतो ते त्या बायकांना ठाऊक. ठरलेली वेळ आणि वाट बघणारी माणसं मात्र नक्की भेटतात. एखादी आली नाही तर फोन जातो. तेवढं आपल्यालाही उभं करता येतं.

मी अंध मुलांसाठी कॉलेजची गुजराती पुस्तकं वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करते. अर्थशास्त्रात आलेख आला की अडते. मागणीची रेषा न दाखवता कशी सांगायची? एका मुलीने माझ्याच तळहातावर बोट फिरवून विचारलं, 'ताई, अशी खाली उतरते?' किंमत वाढली की मागणी का घटते, हे मला तेव्हा नीट कळलं. ती प्रकरण संपायची वाट बघत असते, म्हणून ताप असला तरी मी पुढची चार पानं वाचते.

सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. माझी आजी त्यामुळे शाळेत गेली आणि तिने मला वाचायला शिकवलं. आता ते माझ्याकडून पुढे जातंय. मला एवढा अर्थ पुरतो, खरंच पुरतो.

मंजिरी: ताई, गुजराती वाचता येतं, पण उच्चार मराठी वळणाचे. चालेल?

वसुधाताई: चालेल. इतिहासापासून सुरू कर, त्यात आलेख नसतात.