माइकसमोर बसण्याआधी

'स्पोर्ट्स टॉक रेडिओवर माजी खेळाडूच शोभतात' हे मत मला पटत नाही. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन हे रेडिओ स्टेशन १९८७ साली सुरू झालं आणि चोवीस तास फक्त खेळांच्या गप्पा हा प्रकार अमेरिकेत रुजला. त्या स्टेशनची सर्वात गाजलेली जोडी म्हणजे माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रुसो. दोघांपैकी एकही व्यावसायिक खेळाडू नव्हता! फ्रान्सेसा सीबीएस या टीव्ही नेटवर्कच्या क्रीडा विभागात पडद्यामागे संशोधनाचं काम करायचा. निवेदकाला लागणारी आकडेवारी, जुने संदर्भ पुरवणं हे त्याचं काम. पुढे श्रोत्यांच्या फोनवर तो तासन्‌तास, हातात कागद न घेता बोलू शकायचा, त्याचं मूळ मला त्या नोकरीत दिसतं. १९८९ ते २००८ ही जोडी टिकली, मग रुसो सॅटेलाइट रेडिओवर गेला.

वर्तमानपत्रातून आलेल्यांची परंपराही मोठी. फिलाडेल्फियाच्या रेडिओवर गाजलेला अँजेलो कॅटाल्डी आधी तिथल्या 'इन्क्वायरर' या वर्तमानपत्राचा वार्ताहर होता. स्पोर्ट्स टॉकमधलं दुसरं नाव जिम रोम, तो तर कॉलेजच्या रेडिओवर घडला.

खेळाडू यशस्वी होतच नाहीत असं नाही. अमेरिकन फुटबॉलमधला माजी क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) बूमर एसायसन २००७ पासून डब्ल्यूएफएएनवर सकाळचा कार्यक्रम करतोय. पण नुसतं मोठं नाव पहिले काही आठवडेच पुरतं. रोज चार-पाच तास, आदल्या रात्री सामना नसला तरी बोलायचं असतं, आणि चिडलेल्या श्रोत्याला न तोडता वादात गुंतवून ठेवायचं असतं. ते कसब मैदानावर शिकायला मिळत नाही. वार्ताहराला मात्र लोकांना बोलतं करायची सवय आधीपासूनच असते.