प्रोजेक्टच्या ग्रुपवर रोज वादावादी, काय करावं?

प्रश्न (सांगली): हळदीतला ओलावा मोजायचा प्रोजेक्ट, चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप. काम सांगितलं की "मेसेज बघितलाच नाही." गाईडना काय दाखवू?

उत्तर १: आपला मेसेज दाबून धरा, त्याची माहिती उघडा. कुणी वाचला ते दिसतं. निळी टिक बंद ठेवली तरी ग्रुपमध्ये लपत नाही. पण तो स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, भांडण पेटेल.

उत्तर २: दुखणं वेगळंच आहे. "सेन्सरचं बघा रे कुणीतरी" म्हटलं की कुणीच बघत नाही. नाव, काम, तारीख लिहून मेसेज पिन करा, मुदत 30 दिवस निवडली तर तेवढे दिवस वर राहतो. रिपोर्ट गूगल डॉक्सवर लिहा. कुणी काय लिहिलं ते आवृत्तींच्या इतिहासात निघतं. एकानेच सगळ्यांचं पेस्ट केलं तर मात्र सगळं त्याच्याच नावावर!

उत्तर ३: ग्रुपमधले मिरज-तासगावहून येत असले तरी कॉलेजात भेटतातच की. समोर बसून ठरवा, लगेच ग्रुपवर टाका.