लेमन मर्टलचे रोप आणि गवती चहा

सप्रेम नमस्कार,

सिडनीतील आमच्या घरी कुंडीत वाढवलेले लेमन मर्टल (लिंबाच्या वासाच्या पानांचे झाड) आता जमिनीत लावावयाचे आहे. त्यासाठी जागा कशी निवडावी, आणि गवती चहाऐवजी त्याची पाने चहात चालतील का, हे जाणकारांनी कृपया कळवावे. कोवळ्या पानांवर पिवळी भुकटीही दिसू लागली आहे.

मेधा

मेधाताई, सप्रेम नमस्कार.

हे झाड मूळचे क्वीन्सलंडच्या किनारी वर्षावनातले, जांभळाच्या आणि पेरूच्याच कुळातले. त्यामुळे त्यास पाण्याचा निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी जमीन मानवते. कोवळ्या रोपास हिमकडाका सोसत नाही. भारतातल्या सवयीने दक्षिणेची बाजू उबदार समजू नये. येथे ऊन उत्तरेकडून येते, म्हणून उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीचा आडोसा उत्तम. रानात ते बरेच उंच जाते, परंतु छाटत राहिल्यास झुडूपच राहते आणि पांढऱ्या फुलांचे झुपके हाताशी येतात.

गवती चहाचा वास ज्या सिट्राल नावाच्या सुगंधी घटकामुळे येतो, तेच या पानांतील तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक असते. तेव्हा गवती चहासारखी मूठभर पाने उकळू नयेत. दोन कप चहास एक पान चुरून, गॅस बंद केल्यावर घालावे आणि झाकण ठेवावे. फार उकळल्यास निलगिरीसारखा औषधी वास येतो, आणि मग तो चहा पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगा राहत नाही. लिंबाचे आम्ल यात नसल्यामुळे दूध मात्र फाटत नाही. म्हणून बासुंदीतही हा स्वाद निर्धास्त देता येतो. बाजारात मिळणारे अत्तरवजा तेल पोटात घेऊ नये.

आपण वर्णिलेली पिवळी भुकटी बहुधा मर्टल रस्ट या बुरशीची असावी. ही बुरशी ऑस्ट्रेलियात प्रथम २०१० साली न्यू साउथ वेल्समध्ये आढळली आणि ती कोवळ्या फुटीवरच बसते. अडचण अशी, की छाटणीनेच कोवळी फूट येते. म्हणून दमट, उबदार दिवसांच्या तोंडावर जोरकस छाटणी टाळावी, फांद्यांमधून वारा खेळता ठेवावा आणि रोगट पाने स्वयंपाकात वापरू नयेत. ती पिशवीत बंद करून टाकावीत. बीजाणू कपड्यांवरूनही पसरतात आणि शेजारच्या लिलीपिली, बॉटलब्रश या झाडांनाही लागण होऊ शकते. हे लक्षात घेता, मंडळाच्या स्नेहसंमेलनात वाटण्यासाठी या झाडाच्या फांद्या तूर्त कोणी आणू नयेत, अशी सर्वांना विनंती आहे.

आपला,
श्रीकांत